आधीच काढून ठेवलेले पैसे

२ जून २०२०ची संध्याकाळ मी विसरू शकत नाही. दुसऱ्या दिवशी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर येणार, हे टीव्हीवर सारखं सांगत होते. लॉकडाऊनचे दिवस. आमच्या पेणच्या बचत गटातल्या एका ताईंचा फोन आला. त्यांचा गणपतीचा छोटा कारखाना, पत्र्याच्या शेडमध्ये शाडूच्या कच्च्या मूर्ती मांडलेल्या. ताडपत्री आणि टेम्पोसाठी गटाच्या अडीअडचणीच्या पैशातून दोन हजार मिळतील का, असं त्या विचारत होत्या. मी खजिनदार. नियम असा, की नुकसान झाल्यावर दोघींनी जाऊन बघायचं आणि मगच पैसे द्यायचे. मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी पत्रे उडाले, मूर्तींचा चिखल झाला. मग आम्ही दहा हजार दिले. तेही पुरले नाहीत.

त्याच पावसाळ्यात घरी बसल्या बसल्या चिंतामणराव देशमुखांविषयी वाचायला घेतलं. माझं माहेर रोह्याचं. तिथल्या कॉलेजला त्यांचं नाव आहे, पण नोटेवर सही असलेले आपल्या गावचे मोठे गृहस्थ, यापलीकडे मला काही ठाऊक नव्हतं.

त्यांचा जन्म १४ जानेवारी १८९६चा, महाडजवळच्या नाते गावचा. लहानपण रोहा आणि तळा इथे गेलं. वडील वकील. १९१२ साली मॅट्रिकला पहिले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती. केंब्रिजला जाऊन वनस्पतिशास्त्रात बक्षीस मिळवलं आणि १९१८ साली आयसीएसला पहिले आले. हे सगळं पाठ्यपुस्तकासारखं वाटतं ना? मलाही वाटलं. पुढे मात्र मी थांबून थांबून वाचत गेले.

ऑगस्ट १९४३मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, तेव्हा बंगालात दुष्काळानं माणसं रस्त्यावर मरत होती. १९५० साली अर्थमंत्री झाले. १९५२ साली आपल्या कुलाबा जिल्ह्यातूनच ते लोकसभेवर निवडून गेले. त्या काळात रिझर्व्ह बँकेनं खेड्यांतल्या कर्जाची पाहणी केली. शेतकऱ्याच्या कर्जापैकी सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम तीन टक्के, सावकारांचा सत्तरच्या घरात! पूर आला, पीक गेलं, की पाय सावकाराच्याच दारी वळणार. या पाहणीनंतर १ जुलै १९५५ला स्टेट बँक उभी राहिली आणि पाच वर्षांत चारशे नव्या शाखा उघडायचं तिला बंधन घातलं गेलं. आयुर्विम्याचा धंदा सरकारनं १९ जानेवारी १९५६ला ताब्यात घेतला. ती बातमी चिंतामणरावांनी रेडिओवर सांगेपर्यंत कोणाला सुगावा नव्हता. आधी कळलं असतं तर काही कंपन्यांनी पैसा हलवला असता.

मला सगळ्यात भावली ती गोष्ट लहानशी आहे. त्यांच्याच मंत्रिपदाच्या शेवटी, १९५६च्या जूनमध्ये, दुसरा वित्त आयोग नेमला गेला. राज्यांनी दरवर्षी नैसर्गिक संकटांसाठी काही रक्कम आधीच बाजूला काढावी, ही व्यवस्था त्या आयोगाच्या शिफारशीनं सुरू झाली. ही कल्पना चिंतामणरावांचीच, असं मी म्हणणार नाही. आयोगाचे अध्यक्ष के. संथानम होते. पण आजच्या आपत्ती निधीचं मूळ तिथे आहे. आणि त्यातला पाचवा हिस्सा नुकसान होण्याआधीच्या कामांसाठी ठेवायला २०२१ साल उजाडावं लागलं. तिकडे बांगलादेशात जुलै २०२०मध्ये, पुराचा अंदाज येताच, पाणी पूर्ण चढायच्या आत युनोनं मदतीचे पैसे मोकळे केले. आम्ही पेणमध्ये नियमावर बोट ठेवून बसलो, त्याच्या पुढच्याच महिन्यात.

मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या प्रश्नावर चिंतामणरावांनी १९५६ साली राजीनामा दिला. पहिली पत्नी रोझिना वारल्यावर १९५३ साली त्यांनी दुर्गाबाईंशी लग्न केलं होतं. दुर्गाबाई केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा. खरं तर त्यांच्यावर वेगळा लेख हवा. चिंतामणरावांनी कालिदासाचं मेघदूत मराठीत आणलं. हवामान खात्यानं शेतकऱ्यांसाठी काढलेल्या मोबाइल अॅपचं नावही मेघदूतच आहे, याची मला गंमत वाटते. २ ऑक्टोबर १९८२ला हैदराबादला ते गेले.

आमच्या गटाचा नियम आम्ही बदलला. आता मे महिन्यातच दोन हजारांची पाकिटं वेगळी काढतो. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड इशारा आला, की मागेल तिला त्याच दिवशी पाकीट द्यायचं, बघायला जायचं नाही. भांडणं झाली. इशारा येऊन पाऊस आलाच नाही तर पैसे बुडाले ना, असं दोघी-तिघी अजून म्हणतात. तसं एका वर्षी झालंही. ताडपत्री आणली आणि नुसतं ऊन पडलं. ती घडी करून माझ्या माळ्यावर ठेवली आहे.