लोकनायक बापूजी अणे

विद्यार्थी मित्रांनो, यवतमाळ जिल्ह्याच्या नकाशात वणी हे गाव शोधा. याच गावी २९ ऑगस्ट १८८० रोजी माधव श्रीहरी अणे यांचा जन्म झाला. लोक त्यांना आदराने बापूजी म्हणत. पुढे ते 'लोकनायक' म्हणून ओळखले जाऊ लागले.

नागपूरच्या मॉरिस कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. काही वर्षे त्यांनी अमरावतीला शिक्षकाचे काम केले. नंतर ते कायदा शिकले आणि १९०८ साली यवतमाळला वकिली करू लागले. लोकमान्य टिळकांवर त्यांची फार श्रद्धा होती. टिळकांच्या मार्गाने तेही देशकार्यात उतरले.

१९३० साली गांधीजींनी मिठाचा सत्याग्रह केला. पण यवतमाळला समुद्र कुठे आहे? येथे आहेत जंगले. ही जंगले इंग्रज सरकारने राखीव केली होती. परवानगीवाचून तेथील गवत कापणे हा गुन्हा होता. मग गरीब शेतकऱ्याने गुरांसाठी चारा आणावा कोठून? बापूजींनी हाच प्रश्न हाती घेतला. १० जुलै १९३० रोजी पुसद येथे त्यांनी जंगलातील गवत कापून कायदा मोडला. विचार करा, कोर्टात रोज कायदा सांगणारा वकील लोकांसाठी स्वतः तुरुंगात गेला!

१९३३ साली ते काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष झाले. पुढच्याच वर्षी मतभेद झाले, तेव्हा पंडित मदनमोहन मालवीय यांच्याबरोबर त्यांनी वेगळा पक्ष काढला. जे मनाला पटत नसे, ते बापूजी स्पष्ट सांगत.

१९४१ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद झाले. हे पद फार मोठे होते. फेब्रुवारी १९४३ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असलेल्या गांधीजींनी २१ दिवसांचे उपोषण सुरू केले. त्यांच्या जिवाला धोका होता, तरी सरकार त्यांना सोडेना. आता बापूजींनी काय करावे? पद सांभाळावे की मनाचे ऐकावे? त्यांनी दोन सहकाऱ्यांसह राजीनामा दिला.

स्वातंत्र्यानंतर १९४८ ते १९५२ या काळात ते बिहारचे राज्यपाल होते. पुढे नागपुरातून ते लोकसभेवर निवडून आले. २६ जानेवारी १९६८ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण हा किताब मिळाला. टिळकांच्या जीवनावर त्यांनी संस्कृतमध्ये महाकाव्य लिहिले होते. त्याला १९७३ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले.

मुलांनो, पद मिळवणे कठीण असते. पण योग्य वेळी ते सोडणे त्याहून कठीण असते. वणीच्या या सुपुत्राने ते करून दाखवले.