डिरेक्टरीत नसलेली माणसे

निवडणूक जवळ आली की हल्ली खिशातला फोन वाजतो. पलीकडचा आवाज आपले वय, शिक्षण विचारतो आणि मग हळूच मूळ मुद्द्यावर येतो : यंदा मत कोणाला? कोणी खरे सांगतो, कोणी गंमत म्हणून भलतेच सांगतो आणि बहुतेक लोक फोन बंद करतात. तरीही अशा काही हजार उत्तरांतून दूरचित्रवाणीच्या पडद्यावर आकडे उमटतात आणि घराघरांत वाद रंगतात. टेलिफोनवरून लोकांचे मन खरोखर कळते का, हा प्रश्न आज नवा वाटतो. पण तो जवळजवळ नव्वद वर्षांचा जुना आहे. तो ज्याने पहिल्यांदा नीट ओळखला आणि त्यावर आपले सारे आयुष्य उभे केले, त्या माणसाचे नाव जॉर्ज गॅलप.

गॅलप यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९०१ रोजी अमेरिकेतील आयोवा राज्यात, जेफर्सन या छोट्या गावी झाला. मुलुख शेतीचा, घरी दुभती जनावरे. शाळकरी वयात हा मुलगा दूध घालायला जाई आणि त्या कमाईतून त्याने शाळेत वर्तमानपत्र काढले. पुढे आयोवा विद्यापीठात तो विद्यार्थ्यांच्या दैनिकाचा संपादक झाला. सुट्टीत सेंट लुईस शहरात घरोघर जाऊन वर्तमानपत्राच्या वाचकांना प्रश्न विचारण्याचे काम मिळाले. तिथे त्याच्या लक्षात आले की, तुम्ही काय वाचता असे विचारले की माणूस अग्रलेखाचे नाव घेतो. वर्तमानपत्राचे पान पान त्याच्यासमोर उलटून विचारले, तर त्याने व्यंगचित्रेच वाचलेली असतात. माणसाला विचारणे आणि माणसाकडून खरे काढून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा त्याला विशीतच मिळाला. याच विषयावर १९२८ मध्ये त्याने डॉक्टरेट मिळवली.

काही वर्षे पत्रकारिता शिकवून १९३२ मध्ये गॅलप न्यूयॉर्कच्या यंग अँड रुबिकॅम या जाहिरात कंपनीत संशोधन प्रमुख म्हणून गेले. त्याच वर्षी त्यांच्या सासूबाई ओला बॅबकॉक मिलर आयोवाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट या पदासाठी उभ्या राहिल्या. जावयाने त्यांच्यासाठी मतदारांचा अंदाज घेऊन पाहिला. बाई निवडून आल्या. त्या राज्यात हे पद मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. साबण कोणता खपेल हे ज्या रीतीने कळते, त्याच रीतीने उमेदवार कोणता चालेल हेही कळू शकेल, ही कल्पना गॅलप यांच्या मनात घट्ट बसली. १९३५ मध्ये त्यांनी प्रिन्स्टन येथे आपली जनमत संस्था काढली आणि देशभरच्या वर्तमानपत्रांना साप्ताहिक सदर पुरवायला सुरुवात केली.

त्या काळी या क्षेत्रात दबदबा होता तो लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाचा. १९१६ पासून सलग पाच अध्यक्षीय निवडणुकांचा विजेता त्यांनी अचूक सांगितला होता. त्यांची रीत सोपी होती. टेलिफोन डिरेक्टऱ्या आणि मोटारगाड्यांच्या नोंदणीच्या याद्या घ्यायच्या आणि त्यांतल्या पत्त्यांवर टपालाने नमुना मतपत्रिका पाठवायच्या. १९३६ साली त्यांनी अशा एक कोटी मतपत्रिका पाठवल्या. सुमारे २४ लाख परत आल्या. रिपब्लिकन उमेदवार आल्फ लँडन यांना १२ लाख ९३ हजार, तर अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना ९ लाख ७२ हजार. साप्ताहिकाने लँडन यांच्या विजयाचे भाकीत केले.

गॅलप यांचा नमुना सुमारे पन्नास हजारांचा. पण त्यांनी हिशेब वेगळा मांडला होता. मंदीचे दिवस होते. तीन घरांपैकी जेमतेम एका घरात टेलिफोन होता. ज्याच्याकडे टेलिफोन आणि मोटार, तो सुस्थितीतला. सुस्थितीतला माणूस रूझवेल्ट यांच्यावर नाराज, आणि ज्याची नोकरी गेली तो त्यांच्या पाठीशी. तो दुसरा माणूस डिरेक्टरीत नव्हताच. गॅलप यांनी जुलैमध्येच, म्हणजे डायजेस्टने एकही मतपत्रिका टपालात टाकण्यापूर्वी, तशाच याद्यांतल्या तीन हजार लोकांना कार्डे पाठवून पाहिले आणि छापून टाकले की डायजेस्ट लँडन यांना ५६ टक्के देईल आणि ते चुकेल. साप्ताहिकाचे संपादक संतापले. गॅलप यांनी मात्र आपल्या वर्तमानपत्रांना वचनच दिले होते की, आपला अंदाज डायजेस्टपेक्षा सरस ठरला नाही तर पैसे परत.

निकाल लागला. रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. लँडन यांच्या वाट्याला मेन आणि व्हरमाँट एवढीच दोन. डायजेस्टचा कारभार दोन वर्षांत आटोपला. गॅलप यांचे नाव सर्वतोमुखी झाले. या जयघोषात एक गोष्ट मात्र मागे पडली. रूझवेल्ट यांना जवळजवळ ६१ टक्के मते पडली होती आणि गॅलप यांनी ५६ च्या आसपास सांगितली होती. विजेता बरोबर आला म्हणून पाच टक्क्यांची चूक कोणी मोजली नाही. शिवाय डायजेस्टचा घात केवळ याद्यांनी केला नव्हता. कोटीतल्या ७६ लाख लोकांनी उत्तरच दिले नव्हते. ज्यांनी दिले ते बदलासाठी अधिक उतावीळ होते. न बोलणारा माणूस बोलणाऱ्यासारखाच असतो, हे गृहीत धरणे तिथे नडले.

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. गॅलप यांच्या शास्त्राचे सार यापेक्षा फार निराळे नाही. पण भांड्याच्या तळाचा भात करपला असेल आणि शीत वरचे घेतले, तर परीक्षा काय कामाची? बँकेत इन्स्पेक्शनला आलेला अधिकारी सगळी खाती कधीच तपासत नाही, निवडक व्हाउचरे पाहतो. ती त्याने स्वतः मनमानेल तिथून उचलली, तर शाखेची खरी अवस्था कळते. शाखेने समोर काढून ठेवलेलीच पाहिली, तर प्रत्येक शाखा निर्मळ. माझ्या नोकरीच्या वर्षांत या दोन्ही प्रकारची इन्स्पेक्शने मी पाहिली. तेव्हा प्रश्न किती व्हाउचरे पाहिली हा नसतो, ती कोणी निवडली हा असतो.

हीच गोष्ट गॅलप यांच्यावर १९४८ साली उलटली. हॅरी ट्रूमन विरुद्ध थॉमस ड्यूई. गॅलप यांनी ड्यूईंना ४९.५ आणि ट्रूमन यांना ४४.५ टक्के दिले. प्रत्यक्षात जवळजवळ आकड्यांची अदलाबदल झाली. ड्यूई जिंकल्याचा मथळा छापून बसलेला शिकागो ट्रिब्यूनचा अंक हातात धरून हसणाऱ्या ट्रूमन यांचे छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. ही चूक टेलिफोनवर विचारल्यामुळे झाली, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते खरे नाही. गॅलप यांची माणसे दारोदारच गेली होती. पण इतके पुरुष, इतक्या स्त्रिया, इतके गरीब असा कोटा त्यांना ठरवून दिलेला असे आणि त्या कोट्यात कोणाला गाठायचे हे त्यांच्या मर्जीवर असे. साहजिकच ती बऱ्या वस्तीत, बोलक्या, शिकलेल्या माणसांकडे वळत. शिवाय निवडणुकीच्या दोन आठवडे आधीच चौकशी थांबवली होती आणि शेवटच्या दिवसांत मते फिरली. काही वर्तमानपत्रांनी सदर बंद केले.

गॅलप खचले नाहीत. तज्ज्ञांच्या समितीने चुका दाखवल्या, तेव्हा त्यांनी पद्धत बदलली. कोटा गेला, घरे चिठ्ठीसारखी निवडली जाऊ लागली, अखेरच्या दिवसांपर्यंत चौकशी चालू राहिली. तरीही अंदाज म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. १९७६ मध्ये शेवटच्या चाचणीत जेराल्ड फोर्ड एका टक्क्याने पुढे होते आणि निवडून आले जिमी कार्टर. राजकीय पक्षांकडून पैसे घेऊन चाचण्या करायच्या नाहीत, हा नेम त्यांनी पाळला. सामान्य माणसाचे मत दोन निवडणुकांच्या मधल्या काळातही राज्यकर्त्यांपर्यंत पोहोचावे, अशी त्यांची श्रद्धा होती. पण ज्यांना मतदानच करू दिले जात नव्हते, ते दक्षिणेतले कृष्णवर्णीय त्यांच्या सुरुवातीच्या नमुन्यांत नसल्यातच जमा होते. तेही डिरेक्टरीबाहेरचेच. २६ जुलै १९८४ रोजी स्वित्झर्लंडमधील आपल्या घरी हृदयविकाराने गॅलप यांचे निधन झाले.

त्यांच्या हयातीच्या अखेरीस अमेरिकेत दहातल्या नऊ घरांत टेलिफोन आला होता. तेव्हा त्यांच्या संस्थेनेही दारोदार फिरणे सोडून टेलिफोन धरला. संगणकाने कोणताही नंबर जुळवायचा, म्हणजे डिरेक्टरीचीही गरज नाही. काही काळ हे छान चालले. मग लोकांनी फोन उचलणे सोडले. प्यू या संशोधन संस्थेच्या टेलिफोन चाचण्यांना १९९७ मध्ये शंभरातले ३६ लोक प्रतिसाद देत, २०१८ मध्ये फक्त ६. गॅलप यांच्याच नावाच्या संस्थेने २०१२ मध्ये मिट रॉम्नी यांना एका टक्क्याने पुढे दाखवले आणि बराक ओबामा जवळजवळ चार टक्क्यांनी जिंकले. पुढच्या निवडणुकीत त्या संस्थेने उमेदवारांच्या शर्यतीचे अंदाज देणेच सोडले. २०२० मध्ये राष्ट्रीय चाचण्यांची चूक चाळीस वर्षांतली सर्वांत मोठी होती. ती टेलिफोनपुरती नव्हती, इंटरनेटवरच्या चाचण्यांतही तेवढीच होती. एके काळी गरीब माणूस यादीत नव्हता. आता यादीत सगळे आहेत, पण बोलायला कोणी तयार नाही, आणि न बोलणाऱ्यांचा कल बोलणाऱ्यांपेक्षा वेगळा निघतो.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, स्वतः वापरता येईल असा मोबाइल १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच होता. म्हणजे जवळजवळ निम्म्या बायकांचा फोन नवरा किंवा मुलगा उचलणार. शिवाय मतांचे टक्के कळले तरी त्यांवरून जागा काढणे हे वेगळे गणित. २०२४ च्या लोकसभेच्या वेळी बहुतेक मतदानोत्तर चाचण्यांनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीला साडेतीनशेच्या वर जागा दिल्या होत्या आणि मिळाल्या २९३. या चाचण्यांत माणसे मतदान करून आलेली होती. तरीही घोळ झाला.

म्हणून टेलिफोनवरच्या चाचण्या टाकाऊ म्हणायच्या का? तसेही नाही. अनेक चाचण्यांचा एकत्र कल पाहिला, तर वारा कोणत्या दिशेचा आहे हे बऱ्याचदा कळते. जवळच्या लढतीत दोन-तीन टक्क्यांवर पैज मात्र लावू नये. पडद्यावर आकडा दिसला की इतक्या हजार लोकांना विचारले या वाक्याने दिपून न जाता तीन गोष्टी पाहाव्यात : विचारले केव्हा, किती जणांनी बोलायला नकार दिला, आणि कोणापर्यंत फोन पोहोचलाच नाही. गॅलप यांनी १९३६ मध्ये हे तीन प्रश्न दुसऱ्याला विचारले आणि ते जिंकले. १९४८ मध्ये स्वतःला विचारायचे राहून गेले आणि ते हरले. आता ते विचारण्याची पाळी आपली आहे.