वर्ध्याचे शेठ कै. जमनालालजी बजाज

गावात देवळाच्या जीर्णोद्धाराचे काम निघाले म्हणजे सर्वांत आधी पावतीपुस्तक छापले जाते. कोणी रोख रक्कम देतो, कोणी सिमेंटची पोती देतो, कोणी एखादी पायरी बांधून देतो. ज्याच्याजवळ द्यायला काही नाही तो चार दिवस विटा वाहून आपला वाटा उचलतो. काम पुरे झाले की देणगीदारांची नावे पाटीवर कोरली जातात, आणि ते योग्यच आहे. अशा मंगलप्रसंगी आपल्या शेजारच्या वर्ध्याच्या एका कापूस-व्यापाऱ्याचे स्मरण होणे साहजिक आहे. त्यांच्याही घराण्याचे एक देऊळ होते, आणि त्या देवळाच्या दाराशी त्यांच्या आयुष्यातला एक मोठा प्रसंग घडला. ते व्यापारी म्हणजे कै. शेठ जमनालालजी बजाज.

बजाज हे नाव खेड्यापाड्यांत पोचले ते स्कूटरमुळे. परंतु त्या स्कूटरी पुढच्या पिढीच्या. जमनालालजींनी त्या पाहिल्याही नाहीत.

त्यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ रोजी राजस्थानातील सीकरजवळच्या काशी का बास या लहानशा गावी झाला. वडील कनीराम आणि आई बिरदीबाई हे साधे शेतकरी कुटुंब. वर्ध्याचे धनिक सावकार बच्छराज बजाज यांचा दत्तक मुलगा अकाली वारला होता. नातू म्हणून घेता येईल असे मूल ते व त्यांच्या पत्नी सदीबाई शोधत होत्या. मूळ मुलुखात गेले असता अंगणात खेळणाऱ्या जमनालालवर सदीबाईंची दृष्टी पडली आणि बोलता बोलता आईकडून शब्द गेला. दिलेला शब्द मोडायचा नाही म्हणून आईबापांनी पाचव्या वर्षी पोटचा गोळा दुसऱ्याच्या ओटीत घातला. मुलाच्या बदल्यात पैसा घेण्यास कनीरामांनी साफ नकार दिला. गावात पाण्याचे हाल होते, म्हणून बच्छराजांनी तेथे एक विहीर बांधून दिली असे सांगतात. गोड्या पाण्याच्या विहिरीची किंमत भातकुलीसारख्या खारपाणपट्ट्यातील माणसाला समजावून सांगावी लागत नाही. घरचे मूल गेले आणि सगळ्या गावाला पाणी मिळाले. जमनालालजींच्या सार्वजनिक आयुष्याची सुरुवात त्यांना कळण्याआधीच अशी झाली होती.

वर्ध्याला त्यांचे शिक्षण जेमतेम चार इयत्ता झाले. १८९६ साली शाळेत नाव घातले आणि १९०० साली शाळा सुटली. पुढचे शिक्षण दुकानाच्या गादीवर, रोजकीर्द आणि खतावणी यांच्या सान्निध्यात झाले. १९०२ साली जावऱ्याच्या जानकीदेवींशी विवाह झाला. नवरा तेरा वर्षांचा, नवरी नऊ वर्षांची.

सतरा वर्षांचे असताना घरात एक प्रसंग घडला. एका लग्नाला जायचे होते. नातवाने हिऱ्यामोत्यांचे दागिने घालून मिरवावे अशी आजोबांची इच्छा, आणि नातवाला ते पसंत नाही. शब्दाने शब्द वाढला. रागाच्या भरात आजोबांनी आपल्या पैशाचा उल्लेख केला आणि तो मुलाच्या जिव्हारी लागला. त्याने आजोबांना अत्यंत नम्र भाषेत एक पत्र लिहिले. त्यांच्या संपत्तीवरचा सर्व हक्क आपण सोडत आहोत, अंगावरच्या कपड्यांखेरीज काही नेत नाही, आणि मनात राग नाही, असा त्याचा आशय होता. मग तो घराबाहेर पडला. आजोबांचे डोळे पाणावले, माणसे धावली, समजूत घालून त्याला परत आणले. १९०७ सालीच बच्छराज वारले आणि सगळी इस्टेट जमनालालजींच्या हाती आली. दुसरा एखादा ते पत्र विसरून गेला असता. जमनालालजी विसरले नाहीत. ज्या संपत्तीवर आपण लेखी पाणी सोडले ती आपली नव्हे, लोकांची ठेव आहे आणि आपण तिचे नुसते राखणदार आहोत, असे त्यांनी जन्मभर मानले. पुढे हेच विचार त्यांना गांधीजींजवळ भेटले, पण बीज घरच्या भांडणातले होते.

राखणदार झाले म्हणून व्यापार सोडला नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. उलट तो पुष्कळ वाढविला. कापूस हा वर्धा आणि वऱ्हाडचा प्राण. रुईचे वजन वाढावे म्हणून गाठ बांधताना पाणी मारण्याची वाईट रीत त्या काळी बाजारात होती. शेतकरी, अडत्या, दलाल सर्वांना ती माहीत होती आणि सर्वच ती चालवून घेत. जमनालालजींनी आपल्या पेढीच्या मालात ती बंद केली. सुरुवातीला मुनिमांना हा तोट्याचा व्यवहार वाटला, पण पुढे त्यांच्या गाठीला मुंबईच्या बाजारात चढा भाव येऊ लागला, अशी आठवण सांगितली जाते. १९३१ साली त्यांनी उत्तर प्रदेशात गोला गोकर्णनाथ येथे साखर कारखाना काढला, पुढे लोखंडाच्या धंद्यातही घराणे उतरले. वर्ध्यात मुलांच्या शिक्षणासाठी शिक्षा मंडळ उभे केले.

राजकारणातील त्यांची कामगिरी सर्वांना ठाऊक असल्याने येथे फार विस्तार करण्याचे कारण नाही. १९२० साली नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनाचे ते स्वागताध्यक्ष होते. त्याच वेळी आपल्याला पाचवा मुलगा माना अशी मागणी त्यांनी गांधीजींकडे केली आणि गांधीजींनी ती मान्य केली. १९२१ साली सरकारने दिलेली रायबहादूर ही पदवी परत केली. वकिली सोडून चळवळीत पडलेल्यांच्या चरितार्थासाठी टिळक स्वराज्य फंडात १ लाख रुपये दिले. त्याच वर्षी त्यांच्या आग्रहावरून विनोबा वर्ध्याला आले आणि आश्रम सुरू झाला. काँग्रेसचे खजिनदारपद त्यांच्याकडे वर्षानुवर्षे होते. पैशाची जबाबदारी ज्याच्यावर सर्वांनी डोळे मिटून टाकावी असा माणूस मिळणे तेव्हाही सोपे नव्हते.

एक प्रसंग मात्र सांगितला पाहिजे. १९२३ साली नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात त्यांना कैद आणि ३,००० रुपये दंड झाला. दंड भरणार नाही असे त्यांनी ठरविले होते. तेव्हा वसुलीसाठी त्यांची मोटार व घोडागाडी जप्त झाली आणि रीतसर लिलाव पुकारण्यात आला. जप्तीच्या मालावर टपून बसणारी माणसे प्रत्येक गावी असतात. येथे मात्र बोली बोलायला कोणी पुढे आले नाही. सरकारला तो माल विकण्यासाठी थेट काठियावाडात पाठवावा लागला. व्यापाऱ्याची पत काय असते हे त्या दिवशी नागपूर-वर्ध्याच्या बाजाराने दाखवून दिले.

आता देवळाची गोष्ट. बच्छराजांनी वर्ध्यात लक्ष्मीनारायणाचे सुंदर मंदिर बांधले होते. पैसा घराण्याचा, पूजाअर्चेची व्यवस्था घराण्याची, आणि जमनालालजी विश्वस्त. रोज आरती होई, उत्सव होत. पण त्या काळच्या रिवाजाप्रमाणे ज्यांना अस्पृश्य म्हणून दूर ठेवले होते, ते लोक रस्त्यावरूनच कळसाला हात जोडून पुढे जात. ज्यांनी कदाचित त्या देवळाचे दगड वाहिले असतील त्यांनाही आत देव पाहता येत नव्हता. ही गोष्ट एकट्या वर्ध्याची नव्हती. आपल्या अमरावतीतही अंबादेवीच्या मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून चळवळ सुरू झाली होती, आणि १९२७ च्या नोव्हेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीस त्यासाठी परिषद भरली. त्याच वर्षी महाडचा सत्याग्रह झाला होता. दार ठोठावण्याचे काम बाहेर उभ्या असलेल्यांनीच केले, हे विसरून चालणार नाही. जमनालालजींचे श्रेय इतकेच की ज्याच्या हाती आतली कडी होती अशा माणसाने ती स्वतः काढली.

ती काढणे सोपे नव्हते. देऊळ घराण्याचे असले तरी विश्वस्त एकटे नव्हते. मारवाडी समाजातील वडीलधारी मंडळी जुन्या वळणाची. व्यापार ज्यांच्याशी, सोयरीक ज्यांच्याशी, तेच विरोधात. बहिष्काराची भाषा झाली. जमनालालजींना मनात आणले असते तर मालकी हक्काने एका दिवसात दार उघडता आले असते. त्यांनी तसे केले नाही. घरोघर जाऊन, एकेकाशी बसून, रागावलेल्याच्या घरी पुन्हा जाऊन, त्यांनी विश्वस्तांची मने वळविली आणि रीतसर ठराव करून घेतला. यात फार काळ गेला आणि तो बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या पदरचा गेला, हेही खरे. परंतु ठरावाने उघडलेले दार पुढे कोणाला बंद करता आले नाही. जुलै १९२८ मध्ये लक्ष्मीनारायणाचे मंदिर सर्वांना खुले झाले. विनोबांची साथ या कार्यात होतीच. देशात इतक्या मोठ्या देवस्थानाने आपणहून असे पाऊल उचलल्याची उदाहरणे तोवर नव्हती म्हटली तरी चालेल. कोणी भाविक काही दिवस फिरकले नसतील, पण देऊळ ओस पडले नाही.

काँग्रेसने अस्पृश्यता निवारणाचे काम त्यांच्याकडे सोपविले तेव्हा ते याच कामासाठी हिंडले. १९२९ साली एलिचपूरचे, म्हणजे आजच्या अचलपूरचे, दत्तमंदिर त्यांच्या उपस्थितीत सर्वांसाठी उघडले गेले. म्हणजे ही गोष्ट आपल्या जिल्ह्यापर्यंतही आली होती.

देवळाचे दार एकदा उघडले की उघडले, स्वयंपाकघराचे दार मात्र रोज उघडावे लागते. जानकीदेवी कर्मठ वैष्णव घरात वाढलेल्या. सोवळे-ओवळे, घुंगट, अंगभर दागिने हेच त्यांना लहानपणापासून ठाऊक होते. पतीच्या एकेका निश्चयाबरोबर त्यांना एकेक गोष्ट सोडावी लागली. सोने उतरविले, विदेशी वस्त्रांची होळी केली, घुंगट काढला आणि पुढे स्वतः सभांतून बोलू लागल्या. जमनालालजींचे मोठेपण सांगताना या माउलीने पडद्याआड किती सोसले असेल याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. मुलांनाही श्रीमंतीत वाढविले नाही. थोरला कमलनयन आणि मुलगी मदालसा विनोबांच्या शिस्तीत वाढली. १९२६ साली थोरल्या मुलीचे, कमलाचे, लग्न साबरमती आश्रमात अत्यंत साधेपणाने झाले. लखपती शेठजींच्या घरचे पहिले कार्य, तेही बँड-वाजंत्री आणि पंगतींशिवाय! कर्ज काढून लग्न करणाऱ्यांनी तेवढी तरी गोष्ट लक्षात ठेवावी.

दांडीयात्रेनंतर गांधीजी साबरमतीस राहण्यास परतले नाहीत. जमनालालजींच्या आग्रहाने ते वर्ध्यास आले. ग्रामोद्योगाच्या कामासाठी जमनालालजींनी आपली बाग व बंगला देऊन टाकला, तीच मगनवाडी. पुढे खेड्यातच राहायचे असे गांधीजींनी ठरविले तेव्हा शेगाव हे खेडे निवडण्यात आले. तेथील मालगुजारीचा मोठा हिस्सा जमनालालजींचा होता. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी तेथे गेले. संत गजानन महाराजांचे शेगाव आपल्या वऱ्हाडात असल्याने टपालाचा घोटाळा होई, म्हणून १९४० साली त्या खेड्याचे नाव सेवाग्राम ठेवले गेले. त्या वर्षांत देशातील सारे पुढारी वर्ध्याला येत आणि बजाजवाडीत उतरत. आलेल्या प्रत्येकाच्या जेवणाची, अंथरुणाची, टांग्याची चौकशी शेठजी जातीने करीत.

शेवटी शेवटी मन व्यवहारातून निघाले. १९४१ मध्ये त्यांनी गोसेवेचे काम पत्करले, गोसेवा संघ निघाला, आणि वर्ध्याजवळ गोपुरी येथे साधी झोपडी बांधून ते राहू लागले. १९४२ च्या फेब्रुवारीच्या आरंभी वर्ध्यात गोसेवेची परिषद भरविली. तिची धावपळ संपते न संपते तोच ११ फेब्रुवारी १९४२ रोजी त्यांचे अकस्मात निधन झाले. वय अवघे बावन्न. सकाळपर्यंत हिंडते फिरते असलेले शेठजी गेले ही बातमी वर्धेकरांना खरी वाटेना. दुःखाच्या आवेगात जानकीदेवींनी पतीच्या चितेवर सती जाण्याचा विचार बोलून दाखविला. गांधीजींनी त्यांना त्यापासून परावृत्त केले आणि पतीचे अपुरे काम हाती घेण्यास सांगितले. त्यांनी आपल्या वाट्याची संपत्ती गोसेवेला दिली, पुढे भूदानात विनोबांबरोबर पायपीट केली, गावोगावी विहिरींसाठी कूपदान मागितले. १९५६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि १९७९ साली त्या निवर्तल्या.

गोपुरीजवळ जमनालालजींच्या स्मरणार्थ गीताई मंदिर उभे आहे. विनोबांच्या हस्ते ते १९८० च्या ऑक्टोबरात खुले झाले. मोकळ्या माळावर गीताईचे अठरा अध्याय कोरलेल्या उंच शिळा ओळीने रोवलेल्या आहेत. या मंदिरात मूर्ती नाही, वर छप्पर नाही, आणि दारही नाही. बडनेऱ्याहून रेल्वेने वर्ध्यास उतरले की भातकुलीकरांना ते एका दिवसात पाहून संध्याकाळी घरी परतता येते.