आलूचा कैवारी पार्मांतिए

उपवासाच्या दिवशी उमरखेडच्या घरोघरी जो आलू शिजतो, तो मूळचा आपल्या देशचा नव्हे. त्याची जन्मभूमी दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वत होय. पुण्यामुंबईकडे त्यास बटाटा म्हणतात, ते नाव पोर्तुगीजांकडून आले. अशा परक्या कंदास आपण एकादशीच्या फराळातही स्थान दिले. फ्रान्स देशात मात्र त्यास माणसांच्या ताटात आणण्यासाठी एका गृहस्थाने आपले आयुष्य वेचले. त्यांचे नाव आंत्वान ओग्युस्तँ पार्मांतिए.

पिकार्डी प्रांतातील मोंदिदिए या गावी १२ ऑगस्ट १७३७ रोजी त्यांचा जन्म झाला. पितृछत्र लवकर हरपल्यामुळे कोवळ्या वयातच त्यांस एका औषधविक्रेत्याच्या हाताखाली उमेदवारी करणे प्राप्त झाले. पुढे सप्तवार्षिक युद्धात फ्रेंच सैन्याचे औषधे सिद्ध करणारे म्हणून ते गेले आणि शत्रूच्या हाती एकाहून अधिक वेळा सापडले. प्रशियनांच्या कैदेत त्यांच्यापुढे आलू येऊ लागले. फ्रान्समध्ये बहुतेक ठिकाणी हे डुकरांचे खाद्य समजत, व ते खाल्ल्याने महारोग जडतो असा लोकभ्रम होता. पार्मांतिए यांनी ते निमूटपणे खाल्ले. महारोग तर राहोच, त्यांची प्रकृती उत्तम राहिली!

फ्रेंच मनुष्याचे अन्न म्हणजे पाव. घरातील वडीलधारी माणसे पाव कापण्यापूर्वी त्याच्या पाठीवर सुरीने क्रुसाची खूण करीत, आणि पाव उलटा ठेवणे अशुभ मानीत. भाकरीचा तुकडा पायदळी जाऊ नये म्हणून आपल्या आजीबाई जपतात, त्याच जातीचा हा भाव. मजुराच्या मिळकतीचा निम्माशिम्मा भाग पावावरच जाई. त्यामुळे गहू बुडाला की गरिबाच्या घरी चूल पेटणे कठीण.

अशाच एका टंचाईनंतर बझांसों येथील विद्वत्सभेने, धान्याच्या अभावी माणसांनी काय खावे, या विषयावर निबंध मागविले. पार्मांतिए यांच्या निबंधास पारितोषिक मिळाले, आणि त्याच काळात पॅरिसच्या वैद्यपंडितांनी आलू निरुपद्रवी असल्याचा निर्वाळा दिला. याच सुमारास पॅरिसमधील जखमी सैनिकांच्या आश्रमात ते औषधालय सांभाळीत होते. तेथील धर्मभगिनींशी अधिकाराविषयी तंटा होऊन त्यांस ते पद गमवावे लागले. सेवाव्रत घेतलेल्या भगिनींनी असे वागावे, याचा आम्हांस खेद वाटतो.

पंडितांचा निर्वाळा मिळाला तरी लोक आलूस शिवेनात. तेव्हा पार्मांतिए यांनी आलूचाच पाव करून पाहिला. आमच्या मते येथे त्यांचा मार्ग चुकला. ज्या पावावर क्रुसाची खूण करावयाची, त्याची जागा डुकरांच्या कंदाने घ्यावी, हे कोणास रुचावे? शिवाय त्यास खटाटोपही फार. तो पाव काही घरोघरी रुजला नाही.

मग त्यांनी निराळी युक्ती योजिली. मोठमोठ्या लोकांस मेजवानीस बोलवावे आणि आलूचेच नाना पदार्थ वाढावे. बेंजामिन फ्रँकलिनही अशा पंगतीस होते म्हणतात. राजा सोळाव्या लुईने आलूचे फूल अंगरख्यास लावल्याचे सांगतात. १७८६ च्या सुमारास राजाने पॅरिसजवळील साब्लोंची रेताड जमीन त्यांस दिली. तेथे आलू लावून त्यांनी दिवसा सैनिकांचा पहारा बसविला व रात्री तो मुद्दाम उठविला, अशी आख्यायिका आहे. ज्याला पहारा, ते मोलाचे! आसपासचे शेतकरी रात्री येऊन आलू चोरून नेऊ लागले, आणि पार्मांतिए यांस हवे होते तेच झाले.

तथापि फ्रान्सची भूक एवढ्याने भागणार नव्हती. १७८८ साली गारपिटीने पिके झोडपली, पाव कमालीचा महागला, आणि १७८९ च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या बायका पावासाठी व्हर्सायच्या राजवाड्यावर चालून गेल्या. क्रांतीच्या धामधुमीत राजाच्या त्विलरी बागेतही आलू लावण्यात आले. उत्तर वयात पार्मांतिए यांनी देवीची लस टोचण्याच्या प्रसारासही हातभार लाविला.

१७ डिसेंबर १८१३ रोजी पॅरिस येथे ते निवर्तले. फ्रेंच लोकांनी पाव सोडला नाही. आलू पावाच्या जागी न बसता त्याच्या शेजारी येऊन बसला. खिम्यावर कुसकरलेल्या आलूचा थर देऊन भट्टीत भाजलेल्या एका घरगुती पदार्थास आजही तेथे पार्मांतिए यांचेच नाव आहे. पेर लाशेज येथील त्यांच्या कबरीवर लोक फुलांबरोबर आलूही ठेवून जातात.