बागा लावणारा बादशहा



बाबर हे नाव ऐकले की आपल्या डोळ्यांसमोर १५२६ सालचे पानिपत उभे राहते. तोफा, धूळ आणि इब्राहिम लोदीचा पराभव. शालेय पुस्तकात त्याच्या वाट्याला जी दोन-तीन पाने येतात त्यांत याहून अधिक मावतही नाही. विद्यार्थी सनावळी पाठ करतात, उत्तरपत्रिकेत उतरवतात आणि मोकळे होतात. पण याच बाबराने आपल्या आठवणींचे एक पुस्तक चगताई तुर्की भाषेत लिहून ठेवले आहे. ते वाचू लागलो की लढायांच्या मधोमध सारखी एक गोष्ट डोकावत राहते. कुठे झरा आहे, कुठे उतार आहे, कोणते झाड कुठे शोभेल, वाफा सरळ आला की नाही! आज मी आपल्याला त्या बाबराकडे नेणार आहे.

त्याचा जन्म १४ फेब्रुवारी १४८३ रोजी फरगाना प्रांतातील अंदिजानचा. फरगाना म्हणजे डोंगरांनी वेढलेले, झऱ्यांचे आणि फळबागांचे खोरे. तिथली कलिंगडे-खरबुजे, ओश गावाजवळ वसंतात फुलणारी व्हायलेट, लाला म्हणजे ट्यूलिप आणि गुलाब यांची त्याने आपल्या ग्रंथात मोठ्या प्रेमाने नोंद केली आहे. बाप उमर शेख मिर्झा १४९४ साली दरीच्या काठावर बांधलेल्या कबुतरखान्यासह खाली कोसळून मरण पावला आणि अकरा-बारा वर्षांचा बाबर गादीवर बसला. पुढची दहा वर्षे त्याने कशी काढली हे थोडक्यात सांगतो. तैमूरची राजधानी समरकंद त्याने १४९७ मध्ये जिंकली आणि काही महिन्यांतच गमावली. पुन्हा जिंकली, पुन्हा शैबानी खानाने ती हिसकावली. दरम्यान अंदिजानही हातचे गेले. मूठभर साथीदारांसह डोंगरादऱ्यांतून भटकणारा हा बेघर राजपुत्र १५०४ साली काबूलचा धनी झाला. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता.

समरकंद हातून गेले तरी मनातून गेले नाही. तैमूरने शहराभोवती लावलेल्या बागांची नावे त्याने एकेक करून नोंदवली आहेत. १५०६ साली हेरातला गेला असता सुमारे वीस दिवस तो रोज घोड्यावर बसून तिथल्या बागा आणि इमारती पाहत हिंडला. ज्याला स्वतःचे गाव परत मिळण्याची आशा उरली नव्हती, त्याने ते गाव बागेच्या रूपाने पुन्हा उभे करायला घेतले, असे मला वाटते. काबूलमध्ये १५०५ साली त्याची आई कुतलुग निगार खानम वारली. तिलाही त्याने डोंगराच्या पायथ्याच्या एका बागेतच दफन केले.

आता चारबाग म्हणजे काय हे समजून घेऊ. चार म्हणजे चारच. जमिनीचा चौरस घ्यायचा, मधोमध एकमेकांना छेदणारे पाण्याचे दोन पाट काढायचे, म्हणजे चार सारखे तुकडे पडतात. प्रत्येक तुकड्यात झाडे, कडेने फुलांचे वाफे, आणि पाट जिथे मिळतात तिथे हौद किंवा ओटा. ही रचना बाबराने शोधलेली नव्हे, ती इराणात आणि मध्य आशियात फार जुनी आहे. पण तिच्यात पाण्याला जे महत्त्व आहे ते बाबराइतके क्वचितच कोणी ओळखले असेल. पाणी वाहते हवे. त्याला उतार हवा, आणि पाट सरळ हवा. शाळेच्या आवारात मुलांकडून वाफे काढून घेताना आम्ही खुंट्या ठोकून दोरी ताणतो ना, तेच काम, फक्त मोठ्या मापावर!

इस्तालिफ गावची हकीकत पाहा. काबूलच्या उत्तरेला असलेल्या या गावात एक मोठी बाग होती. बाबराचा चुलता उलुग बेग मिर्झा याने ती मालकांकडून जबरदस्तीने घेतली होती. बाबराने त्या मालकांना तिची किंमत चुकती केली. बागेतून एक ओढा बारमाही वाहत असे, पण वेडावाकडा. बाबराने तो सरळ रेषेत आणवला आणि ती जागा फार सुंदर झाली, अशी समाधानाची नोंद केली. त्याच्या ग्रंथात ओढ्याचे पाणी मोजण्याचे माप एक पाणचक्की फिरेल इतके पाणी, असे येते. जवळच ख्वाजा सेह यारान नावाचा झरा होता. तिथे चिनार आणि ओक यांच्या जोडीला अर्गवान फुलत असे. अर्गवानाला वसंतात पानांच्या आधी गुलाबी-जांभळ्या फुलांचे घोस येतात. बाबराने त्या झऱ्याभोवती दहा गज लांब आणि दहा गज रुंद असे चुनेगच्ची बांधकाम करवले, अशासाठी की अर्गवान फुलले म्हणजे तिथे बसून पाहता यावे. केवळ फुले पाहायला केलेली बैठक!

काबूलच्या डोंगरउतारांवर उगवणाऱ्या रानटी ट्यूलिपच्या जाती त्याने एकदा मोजल्या, त्या बत्तीस की तेहतीस भरल्या. त्यांपैकी एकीला गुलाबासारखा मंद वास येतो म्हणून तिचे नाव गुलाबगंधी ठेवले आणि ती नेमक्या कोणत्या माळावर उगवते हेही लिहिले. कोणत्याही राजाने आपल्या मुलुखातील रानफुले मोजल्याचे मी तरी दुसरीकडे वाचलेले नाही.

त्याची सर्वांत लाडकी बाग बाग-ए-वफा. आजच्या जलालाबादजवळ अदिनापूर किल्ल्यासमोर, दक्षिणेकडे तोंड असलेल्या उंचवट्यावर ती त्याने १५०८-०९ साली आखली. हिवाळा सौम्य, पाणी हाताशी. तिथे नारिंगे, महाळुंगे आणि डाळिंबे भरपूर येत. हौदाभोवती नारिंगाची झाडे आणि त्यांच्या भोवती तिपानी गवताची हिरवळ होती. बाबराने तिथे ऊस लावून पाहिला, तो चांगला आला. १५२४ साली लाहोर घेतल्यावर तिकडून केळी आणवून लावली, त्याही तगल्या. काबूलमध्ये आलुबालू या आंबट चेरीची रोपेही त्यानेच आणवली. नवे रोप आणायचे, लावायचे, जगले की नाही ते पाहायचे आणि लिहून ठेवायचे, ही त्याची पद्धत होती. १५१९ च्या शरदात तो बाग-ए-वफात उतरला तेव्हा डाळिंबाची पाने पिवळी पडली होती, फळे लालबुंद होती आणि नारिंगे अजून हवी तशी पिकली नव्हती. तीन-चार दिवसांच्या त्या मुक्कामात साऱ्या छावणीने पोटभर डाळिंबे खाल्ली. १५२५ च्या हिवाळ्यात हिंदुस्तानकडे निघाला तेव्हाही मुलगा हुमायून सैन्य घेऊन येईपर्यंत तो याच बागेत वाट पाहत थांबला.

एप्रिल १५२६ मध्ये पानिपत झाले आणि आग्रा हाती आले. पण आग्र्याने त्याचा जीव रमेना. वाहते पाणी नाही, रणरणते ऊन, गरम वारे आणि धूळ. त्याने हिंदुस्तानातील उणिवांची जी लांबलचक यादी केली आहे ती आज वाचताना हसू येते, थोडा रागही येतो. मला विचाराल तर ती यादी आग्र्यापेक्षा बाबराच्या घरओढीबद्दलच अधिक सांगते. त्याचे कित्येक सरदार परत जायला निघाले. जिवलग मित्र ख्वाजा कलान तर गेलाच. बाबर राहिला.

थोड्याच दिवसांत बागेसाठी जागा शोधायला तो यमुना ओलांडून गेला. तिथली जमीन इतकी ओसाड आणि विद्रूप होती की त्याला शिसारी आली आणि चारबागेचा विचार त्याने सोडून दिला. पण आग्र्याजवळ दुसरी जागाच नव्हती. तेव्हा काही दिवसांनी त्याच जमिनीवर काम सुरू केले. वाचकहो, त्याने सुरुवात कशापासून केली ते लक्षात घ्या. आधी मोठी विहीर खोदली. मग चिंचेची झाडे असलेली जागा आणि अष्टकोनी हौद, मग मोठा हौद, मग दालने, राहते घर आणि हमामखाना. सगळ्या कोपऱ्यांत वाफे आखले आणि वाफ्यावाफ्यात गुलाब व नर्गिस लावले. त्याचे पाहून त्याच्या सरदारांनीही नदीकाठी जागा घेतल्या आणि बागा केल्या. यमुनेच्या त्या तीराला लोक काबूल म्हणू लागले, हे त्याने जरा मिस्किलपणेच लिहिले आहे.

मुख्य अडचण पाणी उपसण्याची होती. काबूलमध्ये उतार असल्याने पाणी आपोआप येई, इथे ते विहिरीतून वर काढावे लागे. बाबराने दोन्ही रीतींचे बारकाईने वर्णन केले आहे. लाहोर, दिपालपूरकडे रहाट, आणि आग्र्याकडे आपली मोट! बैल नाडा ओढत जातो, चामड्याची मोट वर येते, एक माणूस बैल हाकतो आणि दुसरा मोट रिकामी करतो. बैल परत फिरला की तोच नाडा शेणामुतातून फरफटत पुन्हा विहिरीत उतरतो, याची त्याला किळस वाटली. आपल्यापैकी ज्यांनी मोटेचे पाणी पाहिले आहे त्यांना ही हरकत अगदीच खोटी म्हणता येणार नाही. आग्र्याच्या बागांत सरदारांनी लाहोरी पद्धतीचे रहाट बसवले.

आणि हळूहळू इथल्या फुलांकडे त्याची नजर वळली. जास्वंदीचा लाल रंग डाळिंबाच्या फुलापेक्षाही गडद आहे, पण फूल एकाच दिवसात कोमेजते, हे त्याने टिपले. कण्हेरीचे आणि केवड्याचे वर्णन केले. केवड्याचा वास त्याला कस्तुरीच्या जातीचा वाटला, मात्र कस्तुरी कोरडी आणि हा ओलसर. १५२८ साली ग्वाल्हेरला गेला असता रहीमदादच्या बागेत त्याला गडद लाल कण्हेर दिसली. इतर ठिकाणची कण्हेर फिकट असते हे त्याच्या लगेच ध्यानात आले. त्याने तिची रोपे आग्र्याला नेऊन लावली.

इथे एक गोष्ट झाकून ठेवणे मला योग्य वाटत नाही. ग्वाल्हेरच्या याच भेटीत उरवाही खोऱ्यातील कातळात कोरलेल्या जैन मूर्ती त्याने विद्रूप करवल्या, आणि हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. बाजौरच्या आणि खानवाच्या लढाईनंतर शत्रूंच्या मुंडक्यांचे मनोरे रचल्याचेही त्यानेच नोंदवले आहे. कण्हेरीचे रोप जपून नेणारा आणि हे करणारा माणूस एकच होता. जो कोणी त्याचे चरित्र सांगेल त्याला दोन्ही सांगावे लागेल.

ढोलपूरला त्याने एका अखंड खडकातून अष्टकोनी हौद कोरवून घेतला. आग्र्यात दररोज ६८० पाथरवट आपल्या कामावर असल्याचे आणि आग्रा, सिक्री, बयाना, ढोलपूर, ग्वाल्हेर, कोईल मिळून ही संख्या १४९१ असल्याचे तो लिहितो. ढोलपूरची बाग पुढे विस्मरणात गेली. १९७८ साली एलिझाबेथ मॉयनिहान या अमेरिकन अभ्यासक बाईंनी ग्रंथातील खुणांवरून शोध घेत झोर या खेड्यात कातळात कोरलेले तिचे कमळाकृती हौद ओळखले.

फेब्रुवारी १५२९ मध्ये बाबराने काबूलला ख्वाजा कलानला एक लांब पत्र लिहिले. राज्यकारभाराच्या सूचना देता देता तो मध्येच बागेवर येतो. नजरगाहच्या बागेला पाणी कमी पडते, तर एका चक्कीचे पाणी विकत घेऊन तिकडे वळवा. चांगली रोपे निवडून लावा, हिरवळ करा, कडेने सुवासिक आणि रंगीत फुलझाडे लावा. त्याच पत्रात तो सांगतो की नुकतेच कोणी खरबूज आणून दिले आणि ते कापून खाताना आपल्याला रडू आवरेना. त्याच वर्षी आग्र्याच्या हश्त-बिहिश्त बागेत त्याने लावलेल्या वेलींना द्राक्षे धरली, आणि बल्खहून आलेल्या माळ्याने खरबुजे पिकवून दाखवली. हिंदुस्तानात ही फळे पिकलेली पाहून बाबराला अतिशय समाधान झाले.

मुलगी गुलबदन बेगमने लिहिले आहे की शेवटच्या दिवसांत राज्य हुमायूनवर सोपवून, जरअफशान बागेत एका सेवकासह जाऊन राहावे असे त्याला वाटू लागले होते. तसे घडले नाही. २६ डिसेंबर १५३० रोजी आग्र्यात त्याचे निधन झाले आणि यमुनेपलीकडच्या बागेत त्याला पुरले. काही वर्षांनी त्याचा देह काबूलला नेऊन डोंगरउतारावरील त्याच्याच बागेत दफन केला. कबरीवर छत नसावे अशी त्याची इच्छा होती असे मानतात.

चारबागेची रीत पुढे त्याच्या वंशजांनी देशभर नेली. दिल्लीला हुमायूनची कबर, आग्र्याला ताजमहाल. आपल्याला तितके लांब जायचे नसेल तर औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्यात जा. १६६०-६१ च्या सुमारास बांधलेल्या या वास्तूसमोर चारबागेची आखणी आणि मधले सरळ हौद आजही पाहता येतात. दगडी कामाकडे पाहून झाले म्हणजे पाण्याच्या रेषेवरूनही एकदा नजर फिरवा.

काबूलच्या बागेत जहांगीर १६०७ साली येऊन गेला. शाहजहानने तिथे संगमरवरी छोटी मशीद बांधली. १९९२ नंतरच्या यादवी युद्धात बागेची दुर्दशा झाली, झाडे गेली, भिंती पडल्या. २००३ पासून आगा खान संस्कृती न्यासाने ती पुन्हा उभी केली. जुने मजले साफ केले, मातीची तटबंदी बांधली, वरून खाली येणारा मधला पाण्याचा पाट शोधून काढला आणि बाबराच्या ग्रंथात नावे असलेली झाडे निवडून नवी रोपे लावली. त्यांत चिनार होते, डाळिंब होते, आणि कबरीजवळ अर्गवानही होते.