जेफ्री डी हॅविलंड: पहिलं प्रवासी जेट आणि न दिसणारी भेग

कॉमेट विमानाचा विषय निघाला की एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. खिडक्या चौकोनी होत्या म्हणून विमानं हवेत फुटली, मग खिडक्या गोल केल्या, विषय संपला. रीलपुरती ही गोष्ट ठीक आहे. पण मला जास्त इंटरेस्ट आहे तो ज्याच्या नावाची कंपनी ते विमान बनवत होती, त्या माणसात.

जेफ्री डी हॅविलंड यांचा जन्म २७ जुलै १८८२ चा, इंग्लंडमधला. वडील चर्चमध्ये धर्मगुरू. मुलाला मात्र इंजिनांचं वेड. आजोबांकडून पैसे घेऊन त्यांनी स्वतःचं विमान बनवलं, इंजिनासकट. डिसेंबर १९०९ मध्ये ते जमिनीवरून उठलं आणि लगेच पंख मोडून कोसळलं. म्हणजे स्ट्रक्चरल फेल्युअर म्हणजे काय, हे या माणसाला पहिल्याच उड्डाणात कळलं होतं, तेही स्वतः आत बसून! ते वाचले आणि दुसरं विमान बांधायला घेतलं. ते १९१० मध्ये नीट उडलं आणि सरकारने ४०० पौंडांना विकत घेतलं.

१९२० मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली. त्यांना पतंग आणि फुलपाखरं गोळा करायचा छंद होता, म्हणून विमानांची नावं मॉथ, टायगर मॉथ, पुस मॉथ अशी. त्यातल्या पुस मॉथशी आपलंही नातं आहे. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईत जुहूला उतरले, ते याच विमानातून. त्याच काळात जगात इतरत्र काही पुस मॉथ उडतानाच मोडून पडली होती. तपास झाला, पंखांच्या आधारात बदल करावा लागला. आपल्याकडे त्या उड्डाणाचे फोटो खूप फिरतात, हा भाग कोणी सांगत नाही.

दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या कंपनीने मॉस्किटो हे लाकडी लढाऊ विमान बनवलं. ते गाजलं, १९४४ मध्ये ते सर झाले. पण घरात वेगळंच चाललं होतं. धाकटा मुलगा जॉन १९४३ मध्ये मॉस्किटोंच्या हवेतल्या टकरीत गेला. थोरला जेफ्री कंपनीचाच टेस्ट पायलट होता. २७ सप्टेंबर १९४६ ला डीएच १०८ हे प्रायोगिक जेट खूप वेगात असताना तुटलं आणि तोही गेला. या धक्क्यातून आई सावरली नाही. १९४९ मध्ये त्याही गेल्या.

त्याच वर्षी, २७ जुलैला, म्हणजे साहेबांच्या ६७ व्या वाढदिवशी, कॉमेट पहिल्यांदा उडालं. डिझाइन रोनाल्ड बिशप यांच्या टीमचं होतं. २ मे १९५२ ला लंडन ते जोहान्सबर्ग अशी जगातली पहिली जेट प्रवासी सेवा सुरू झाली. सुमारे ४०,००० फुटांवरून उडणारं, शांत, वेगवान विमान. अमेरिकन कंपन्या तेव्हा मागे होत्या.

आता थोडं विज्ञान. घाटातून महाबळेश्वरला जाताना वेफर्सचं पाकीट फुगतं, पाहिलंय ना? बाहेरचा हवेचा दाब कमी होतो म्हणून. विमानाच्या केबिनचंही तसंच होतं. वर गेलं की फुगते, खाली आलं की पूर्ववत. कॉमेटमध्ये हा दाबाचा फरक प्रति चौरस इंच साधारण ८.२५ पौंड होता. एकदा फुगवल्याने काहीच होत नाही. पण तुमच्या चार्जरची वायर आठवा. ती एकदा वाकवून तुटत नाही, रोज तिथेच वाकून वाकून मानेजवळ तुटते. धातूच्या या थकव्याला फटीग म्हणतात. भेग बारीक सुरू होते, प्रत्येक उड्डाणात थोडी वाढते, आणि एक दिवस अख्खा पत्रा उघडतो.

२ मे १९५३ ला, सेवेच्या बरोबर पहिल्या वाढदिवशी, एक कॉमेट कलकत्त्याच्या दमदमहून उडालं आणि काही मिनिटांत वादळात तुटलं. ४३ जण गेले. भारतातल्या चौकशीने वादळाकडे बोट दाखवलं, आणि ते पटण्यासारखंही होतं. मग १० जानेवारी १९५४ ला रोमहून निघालेलं कॉमेट एल्बा बेटाजवळ समुद्रात पडलं. ३५ मृत्यू. या वेळी हवामान स्वच्छ होतं.

इथून पुढचा भाग मला सगळ्यात अस्वस्थ करतो. विमान कंपनीने कॉमेट स्वतःहून थांबवली. समितीने आग, कंपनं, इंजिन अशा सगळ्या शक्यतांची यादी केली आणि प्रत्येकीवर काही ना काही दुरुस्ती सुचवली. रूट कॉज सापडलेलं नव्हतं, तरी २३ मार्चला विमानं पुन्हा उडू लागली. आमच्या भाषेत सांगायचं तर बग रिप्रोड्यूस न होता दहा पॅच टाकून प्रॉडक्शन सुरू! ८ एप्रिलला आणखी एक कॉमेट नेपल्सजवळ पडलं, २१ जण गेले. मग मात्र सरकारने काही दिवसांत उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्रच काढून घेतलं. माझ्या मते हे जानेवारीतच व्हायला हवं होतं. उड्डाण थांबवणं ही कंपनीची मर्जी असणं आणि नियामकाचा आदेश असणं, यात फरक आहे. मर्जी असली की परत सुरू करायचा दबावही कंपनीवरच येतो.

त्यानंतरचं काम मात्र अफाट झालं. ब्रिटिश नौदलाने एल्बाजवळच्या समुद्रातून अवशेष वर काढले. फार्नबरोमध्ये अरनॉल्ड हॉल यांच्या टीमने एक अख्खं कॉमेट पाण्याच्या टाकीत बसवलं आणि केबिन पाण्यानेच फुगवली-सोडली, पुन्हा पुन्हा. पाणीच का? हवा भरली असती तर फुटताना बॉम्बसारखी फुटली असती आणि पुरावाच गेला असता. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे जिथे फाटलं ती जागा शाबूत राहते. खरी १,२२१ उड्डाणं आणि टाकीतली १,८३६ मिळून ३,०५७ व्या फेरीला केबिन फाटली. एल्बाच्या अवशेषांत भेगेची सुरुवात प्रवाशांच्या खिडकीला नव्हती, छतावर अँटेनासाठी ठेवलेल्या झरोक्याच्या कोपऱ्याजवळ होती.

मग कंपनीने टेस्टिंग केलंच नव्हतं का? केलं होतं, नियमापेक्षा जास्त. त्यांचा नमुना तर सुमारे १८,००० फेऱ्या टिकला होता. गोम अशी की त्याच तुकड्यावर आधी दुप्पट दाबाची चाचणी झाली होती. त्या ताणाने कोपऱ्यांजवळचा धातू किंचित पसरला आणि फटीगला उलट जास्त मजबूत झाला. प्रवाशांना मिळालेली विमानं तशी ताणलेली नव्हती. टेस्टचं एन्व्हायर्नमेंट आणि प्रॉडक्शन वेगळं पडलं, आणि टेस्ट हिरवी दिसत राहिली.

चौकशीत कंपनीला निष्काळजी ठरवलं गेलं नाही. निष्कर्ष उघड झाले, बोइंग आणि डग्लस यांनाही त्यांचा फायदा झाला. पूर्ण विमानाची फटीग चाचणी, आणि एक भाग गेला तरी बाकीच्यांनी भार पेलायचा, या विचाराने यानंतर जोर धरला.

जाड पत्रा आणि नव्या खिडक्यांचं कॉमेट ४ ऑक्टोबर १९५८ मध्ये अटलांटिकपार गेलं. पण त्याच महिन्यात बोइंग ७०७ चीही सेवा सुरू झाली आणि बाजार तिकडे गेला. १९६० मध्ये कंपनी हॉकर सिडलीत गेली. २१ मे १९६५ ला डी हॅविलंड वारले, वयाच्या ८२ व्या वर्षी. कॉमेटवरूनच बनवलेलं निमरॉड हे टेहळणी विमान मात्र ब्रिटिश हवाई दलात २०११ पर्यंत उडत होतं.