वसंतराव नाईक : झेडपीचा नोकर कोणाचा, हे ठरवून गेलेला माणूस

१ जुलै आला की पंचायत समितीच्या आवारात लगबग सुरू होते. वसंतराव नाईकांचा फोटो खुर्चीवर ठेवतात, हार घालतात, एखादं रोप लावतात, प्रगतशील शेतकऱ्यांना नारळ-शाल देतात. कृषी दिन साजरा होतो. त्याच आवारात कडुनिंबाखाली चार-दोन माणसं कागद हातात घेऊन उभी असतात. कुणाला आठ-अचा उतारा पाहिजे, कुणाच्या घरकुलाचा हप्ता अडकलाय, कुणाच्या गावात दोन महिन्यांपासून गुरुजी नाहीत. ग्रामसेवक मीटिंगला गेलेत, साहेब दौऱ्यावर आहेत, असं उत्तर मिळतं. मग माणूस विचारतो, की या ग्रामसेवकाचा मालक आहे तरी कोण? सरपंच, बीडीओ, कलेक्टर की मुंबईचा मंत्री?

गंमत अशी, की या प्रश्नाचं उत्तर ज्यानं लिहून ठेवलं, त्याच्याच फोटोला समोर हार घातलेला असतो. वसंतराव नाईकांना आपण हरितक्रांतीसाठी ओळखतो, दुष्काळातल्या कामासाठी ओळखतो. पण आपल्या जिल्हा परिषदेतला शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्यसेवक, शिपाई यांची नोकरी कोणाच्या हाताखाली असावी, हेही त्यांच्याच समितीनं ठरवलं. हे फारसं कुणी सांगत नाही, म्हणून आज ते सांगायचं.

तांड्यावरून नागपूरला

वसंतराव फुलसिंग नाईक यांचा जन्म १ जुलै १९१३ चा. गाव गहुली, तालुका पुसद, जिल्हा यवतमाळ. बंजारा समाजातलं घर. तांड्यात नाईक म्हणजे प्रमुख आणि कारभारी म्हणजे त्याच्या सल्ल्याचा माणूस. तंटा झाला की सगळ्यांसमोर बसून सोडवायचा, ही तांड्याची रीत. नाईकाच्या घरात वाढलेल्या पोराला चारचौघांत जाब देणं म्हणजे काय, हे पुस्तकातून शिकायची गरज पडली नसणार.

गहुलीत तेव्हा शाळेची सोय नव्हती. शिक्षणासाठी या गावातून त्या गावात करत करत ते अमरावती आणि मग नागपूरला पोहोचले. मॉरिस कॉलेजातून १९३८ साली बी.ए. आणि १९४० साली कायद्याची पदवी घेतली. पुढच्याच वर्षी नागपूरच्या वत्सलाबाई घाटे यांच्याशी लग्न केलं. बंजारा मुलगा आणि ब्राह्मण मुलगी, साल १९४१. दोन्हीकडून विरोध झाला, पण ते मागे हटले नाहीत. सुरुवातीला अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली वकिली केली, मग पुसदला बस्तान बसवलं.

पुसद नगरपालिकेचे ते अध्यक्ष झाले. नगरपालिका म्हणजे सफाई कामगार, शाळा, दिवाबत्ती, पाणी. लोकांना दिसतो तो ठराव नाही, तर सकाळी झाडू घेऊन येणारा माणूस, आणि तो आला नाही की लोक अध्यक्षाच्या दारात येतात. मंत्रालयाचं तोंड बघायच्या आधी वसंतरावांनी ही खुर्ची अनुभवलेली होती, हे पुढच्या सगळ्या गोष्टीत लक्षात ठेवायला हवं.

१९५२ ला ते मध्य प्रदेश विधानसभेवर निवडून गेले, महसूल खात्याचे उपमंत्री झाले. १९५६ ला विदर्भ मुंबई राज्याला जोडला गेला, तेव्हा ते तिकडच्या मंत्रिमंडळात आले. सहकार आणि कृषी ही खाती सांभाळली. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं, तेव्हा ते यशवंतराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळात महसूलमंत्री होते.

तीन भाग, तीन कायदे

नवं राज्य झालं खरं, पण कारभार तीन तऱ्हांचा होता. पश्चिम महाराष्ट्रात जुनी जिल्हा लोकल बोर्डं होती, विदर्भात १९४८ च्या कायद्यातल्या जनपद सभा होत्या, मराठवाड्यात हैदराबाद राज्याचा वारसा. प्रत्येक ठिकाणी नोकरीचे नियम वेगळे. शिवाय एकाच गावात काम करणाऱ्यांचे मालकही वेगवेगळे. पश्चिम महाराष्ट्रात प्राथमिक शिक्षक जिल्हा स्कूल बोर्डाचा, रस्त्यावरचा मुकादम लोकल बोर्डाचा, तर विकास गटाची माणसं थेट सरकारची. गावकऱ्यानं तक्रार करायची तर तीन दारं, आणि प्रत्येक दारात दुसऱ्या दाराकडे बोट.

केंद्राच्या बलवंतराय मेहता समितीनं १९५७ साली पंचायत राज्याची शिफारस केली होती. तिचा भर तालुका पातळीच्या समितीवर होता. महाराष्ट्रानं आपला मार्ग ठरवायला २७ जून १९६० ला समिती नेमली आणि अध्यक्ष केलं महसूलमंत्री वसंतराव नाईकांना. १५ मार्च १९६१ ला अहवाल सादर झाला. नऊ महिन्यांत २२६ शिफारशी.

त्यातली मोठी शिफारस अशी, की खरी ताकद तालुक्याला नाही तर जिल्ह्याला द्यावी. यामागचा हिशेब माणसांचाही होता. इंजिनिअर, डॉक्टर, शिक्षणाधिकारी असा तांत्रिक नोकरवर्ग पोसायचा आणि त्याच्याकडून काम करून घ्यायचं तर एकट्या तालुक्याला ते झेपत नाही, जिल्ह्याला झेपतं. दुसरी गोष्ट, कलेक्टरला जिल्हा परिषदेच्या बाहेर ठेवलं. ज्याच्याकडे महसूल आणि कायदा-सुव्यवस्था आहे त्याच्याच हातात शाळा-दवाखान्याची माणसं दिली, तर निवडून आलेल्या अध्यक्षाला काय उरणार? एका महसूलमंत्र्यानं आपल्याच खात्याच्या सर्वात मोठ्या अधिकाऱ्याला बाजूला ठेवायची शिफारस केली, हे सोपं नव्हतं. तिसरी गोष्ट आणखी अवघड. आमदार-खासदारांना जिल्हा परिषदेत जागा देऊ नये, असंही समितीनं सुचवलं.

दोन दोऱ्यांची गाठ

या शिफारशींवर महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम १९६१ तयार झाला. १ मे १९६२ पासून २५ जिल्हा परिषदा सुरू झाल्या. लोकल बोर्डं आणि स्कूल बोर्डं गेली, त्यांची माणसं जिल्हा परिषदेकडे आली.

आता नोकर कोणाचा, याचं उत्तर बघा. वर्ग ३ आणि वर्ग ४ चे कर्मचारी जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या सेवेतले. त्यांच्यासाठी जिल्हा तांत्रिक सेवा आणि जिल्हा सेवा असे संवर्ग केले. म्हणजे गुरुजी, ग्रामसेवक, आरोग्यसेवक, कनिष्ठ सहायक, शिपाई हे जिल्ह्याचे. वरचे वर्ग १ आणि २ चे अधिकारी राज्याच्या सेवेतून येणार. सगळ्यांच्या वर मुख्य कार्यकारी अधिकारी, तोही राज्यानं पाठवलेला. तालुक्याला गटविकास अधिकारी, जो पंचायत समितीचा सचिवही असतो.

म्हणजे एक दोरी निवडून आलेल्यांच्या हातात, दुसरी राज्याच्या हातात. नेमणूक, बदली, शिस्तभंगाची कारवाई हे अधिकार सीईओकडे आले, कारण ते सभासदांच्या हातात दिले असते तर प्रत्येक निवडणुकीनंतर मास्तरांच्या बदल्यांचा पाऊस पडला असता. पण सीईओही मोकळा सोडला नाही. जिल्हा परिषदेच्या सदस्यांनी विशेष सभेत दोन तृतीयांश बहुमतानं ठराव केला, तर राज्याला त्याला परत बोलवावं लागतं. कर्मचाऱ्यालाही वाऱ्यावर सोडलं नाही. १९६४ साली जिल्हा सेवेचे शिस्त व अपील नियम आले. कुणाचीही वेतनवाढ रोखायची, कुणाला बडतर्फ करायचं, तर आधी दोषारोप लेखी द्यायचे, त्याचं म्हणणं ऐकायचं. सीईओनं शिक्षा केली तर विभागीय आयुक्तांकडे अपील. १९६७ मध्ये वर्तणुकीचे आणि सेवाप्रवेशाचे नियमही झाले.

हे वाचायला रुक्ष वाटतं. पण ज्या शिक्षकाला एखाद्या पुढाऱ्याच्या पोराला नापास केलं म्हणून दूरच्या वस्तीवर पाठवतात, त्याच्यासाठी हे नियम म्हणजे छत्री आहे. आणि ज्या गावात नोकर आठवड्यातून एकदा तोंड दाखवतो, त्या गावासाठी तेच नियम म्हणजे काठी. छत्री आणि काठी एकाच कायद्यात ठेवायची, हेच या रचनेचं मर्म.

मुख्यमंत्री असताना

नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. त्यांच्या जागी आलेले मारोतराव कन्नमवार वर्षभरात वारले. ५ डिसेंबर १९६३ ला वसंतराव मुख्यमंत्री झाले आणि २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत राहिले. सलग अकरा वर्षांहून जास्त. या पदावर एवढा काळ दुसरं कुणी राहिलं नाही.

कृषी विद्यापीठं, संकरित बियाणं, कोयनेचा भूकंप हे सगळं त्याच काळातलं. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा नव्या रचनेचीही परीक्षा झाली. १९७३ च्या उन्हाळ्यात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. एवढ्या लोकांची हजेरी मांडायची, माप घ्यायचं, मजुरी वाटायची, तर गावोगावी लिहिता-वाचता सरकारी माणूस लागतो. महसूल आणि बांधकामाच्या यंत्रणेबरोबर जिल्हा परिषदेची यंत्रणा तेव्हा जिल्ह्या-जिल्ह्यांत उभी होती. दहा वर्षांपूर्वी ती नव्हती.

आणखी एक गोष्ट त्यांच्या खात्यावर जमा करायला हवी. १९७० साली त्यांच्याच सरकारनं ल. ना. बोंगिरवार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून पंचायत राज्याचं मूल्यमापन करायला लावलं. १९७१ ला अहवाल आला. आपण लावलेल्या झाडाला कीड लागली का, हे दुसऱ्याला तपासायला सांगायची तयारी फार थोड्यांकडे असते.

पण सगळं गोड नव्हतं, हेही लिहायला हवं. पैशाची चावी राज्याकडेच राहिली. पगाराचं अनुदान मुंबईहून, मोठे अधिकारी मुंबईहून, त्यांची बढती-बदलीही मुंबईहून. मग त्यांचं लक्ष जिल्ह्याच्या सभागृहापेक्षा मंत्रालयाकडे जास्त. दोन तृतीयांशाचा ठराव कागदावर आहे, पण तेवढे सदस्य एका बाजूला आणणं म्हणजे पावसाळ्यात वाळवण घालण्यासारखं. आमदारांना सभागृहाच्या बाहेर ठेवलं तरी बदल्यांच्या हंगामात शिफारशीच्या चिठ्ठ्या थांबल्या नाहीत. शिक्षकांच्या बदल्या ऑनलाइन करायचं धोरण २०१७ मध्ये आणावं लागलं, त्यामागे हाच जुना आजार. आणि सगळ्यात खाली सरपंच. ग्रामसेवक त्याच्या ग्रामपंचायतीचा सचिव, पण सेवापुस्तक जिल्हा परिषदेत. सरपंचानं तक्रार करायची आणि वाट बघायची.

२० फेब्रुवारी १९७५ ला त्यांनी मुख्यमंत्रिपद सोडलं. १९७७ ला वाशीम मतदारसंघातून लोकसभेवर गेले. १८ ऑगस्ट १९७९ ला सिंगापूरला असताना त्यांचं निधन झालं. गहुलीच्या तांड्यावरून निघालेला माणूस परक्या मुलखात गेला.

आज काय?

मार्च २०२२ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली. निवडणुका लांबल्या आणि सीईओच प्रशासक झाले. म्हणजे ज्यानं जाब द्यायचा आणि ज्यानं जाब विचारायचा, तो माणूस एकच. वसंतरावांच्या समितीनं दोन दोऱ्यांची गाठ मारली होती, त्यातली एक दोरी वर्षानुवर्षं मोकळी लोंबत राहिली. अनेक अधिकाऱ्यांनी प्रामाणिकपणे काम केलं असेल, त्याबद्दल वाद नाही. पण स्थायी समितीत उभं राहून आमच्या गणात शिक्षक का नाही, असं विचारणारा सदस्यच नसेल, तर फाईल हलणार कशी?

ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदं एकत्र करून २०२४ मध्ये ग्रामपंचायत अधिकारी असं नाव करायचं ठरलं. पाटी बदलली, पण कडुनिंबाखाली उभ्या असलेल्या माणसाचा प्रश्न बदलला नाही.

त्याचं उत्तर मात्र सरळ आहे. तो नोकर जिल्हा परिषदेचा. त्याची गैरहजेरी लेखी कळवायची ती गटविकास अधिकाऱ्याकडे, तिथे दाद लागली नाही तर सीईओंकडे, आणि पोच घ्यायची. आपण निवडून दिलेल्या पंचायत समिती आणि जिल्हा परिषद सदस्यानं ते सभेत मांडायचं, कार्यवृत्तात यायला लावायचं. ग्रामसभेत ठराव घ्यायचा. तोंडी बोंब मारून कुणाची वेतनवाढ थांबत नाही, कागद लागतो. आणि जो कर्मचारी उन्हातान्हात चांगलं काम करतो, त्याच्या मागे कुणी लागलं तर त्याच्या बाजूनंही ठराव घ्यायचा.

येत्या १ जुलैला फोटोला हार घालताना एवढं आठवलं तरी पुष्कळ. रोप लावणं चांगलंच आहे. पण त्या दिवशी पंचायत समितीच्या कार्यालयात जाऊन हालचाल नोंदवही उघडून बघितली, कोण कुठं गेलंय आणि कधी येणार हे विचारलं, तर वसंतरावांची जयंती जास्त खरी साजरी होईल.